पुढचा पीस निवडताना आधी सत्ताविसावा बार बघा

माझ्याकडे एक लांबट वही आहे. पियानोवर जो जो पीस (म्हणजे रचना) शिकायला घेतला, त्याची तारीख तिच्यात आहे. हातात बसला असेल तर ती तारीख, मधेच सोडला असेल तर तीही, आणि शेवटी एक रकाना: ‘कुठे अडलं’. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी शिकायला सुरुवात केली, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. ही वही चाळताना एक गोष्ट लख्ख दिसते. जे पीस माझ्याकडून अर्ध्यावर सुटले, त्यांतल्या बहुतेकांसाठी मी सराव पुरेसा केला होता. चूक त्याच्याही आधी, निवडताना झाली होती.

सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या वर्षातली. तोवर माझ्या हातात होता जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (लोक तो बाखचा समजतात, पण रचना क्रिस्टियान पेत्सोल्डची. बाखच्या पत्नीच्या, आना माग्दालेनाच्या १७२५ सालच्या वहीत तो उतरवलेला आहे म्हणून हा घोळ), शिवाय क्लेमेंटीची एक सोनाटिना आणि शूमनचे दोन-तीन छोटे पीस. अशात एका रात्री दब्युसीचं ‘क्लेअर द लून’ ऐकलं आणि ठरवून टाकलं, आता हेच. माझ्या बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, मला अगं-तुगं करत. म्हणाल्या, ‘‘दोन वर्षं थांब गं.’’ मी थांबले नाही.

सुरुवात संथ आहे. चावीवर (ओळीच्या सुरुवातीच्या खुणांत) पाच फ्लॅट, म्हणजे स्वर अर्ध्याने उतरवायच्या खुणा, दिसले की छाती दडपते, पण स्वर सावकाश येतात, विचार करायला वेळ मिळतो. पंधराव्या बारपासून (बार म्हणजे दोन उभ्या रेषांमधलं ठरावीक मात्रांचं घर) कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर, मोठे होत गेले, तेही कसेबसे निभावले. पाच महिन्यांत सव्वीस बार झाले. मग सत्ताविसावा बार आला. तिथे लय जराशी पुढे सरकते आणि डावा हात मात्रेला सहा स्वर घेत खालून वर, वरून खाली वाहू लागतो. त्याच्यावर उजव्या हाताने गायचं असतं, आणि ऐकणाऱ्याला डाव्या हाताचे कष्ट कळताही कामा नयेत. माझा डावा हात तोवर असं कधी वाहिलाच नव्हता. सहा महिने मी त्या एका पानावर काढले आणि पीस बंद केला. एकूण बार बहात्तर, त्यातले सव्वीस आले, महिने गेले अकरा.

बाई रागावल्या नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी नोटेशनवर सत्ताविसाव्या बारभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, ‘‘पहिल्या दिवशी इथून सुरुवात केली असतीस तर तासाभरात कळलं असतं.’’

पुढे मी जे काही सांगणार आहे, त्याचा उगम त्या पेन्सिलीच्या गोलात आहे.

आधी आपल्या हातात काय आहे ते लिहा

‘मी इंटरमीजिएट आहे’ किंवा ‘मी तिसऱ्या ग्रेडला आहे’ एवढ्यावर पीस निवडता येत नाही. परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, हेन्लेसारखे प्रकाशक पीसला एक ते नऊ असे आकडे देतात. चाळणी लावायला हे आकडे उपयोगी आहेत, मीही बघते. पण आकडा एकच असतो आणि अवघडपणा दहा प्रकारचा. सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ (१८८८) कागदावर अगदी मोकळी, पांढरीशुभ्र दिसते. वाजवायला बसलात की डाव्या हाताला प्रत्येक बारमध्ये खालचा खर्ज वाजवून लगेच वर कॉर्डवर उडी मारायची असते, आणि पीस इतका हळू नि उघडा की एक उडी चुकली तरी सगळ्यांना ऐकू जाते. उलट बाखची सी मेजरमधली दोन आवाजांची पहिली ‘इन्व्हेन्शन’ फक्त बावीस बारची आहे. तीत उड्या नाहीत, पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) नाही, मोठा कॉर्ड नाही. तिथे डाव्या हाताला साथीदार म्हणून राहता येत नाही. उजवा जे म्हणतो तेच त्यालाही म्हणावं लागतं. या दोघींना एकाच मापाने कसं मोजणार?

म्हणून कागद घ्या आणि शेवटचे तीन-चार पूर्ण झालेले पीस लिहा. पूर्ण म्हणजे न थांबता, दुसऱ्या माणसासमोर, शेवटपर्यंत. मग प्रत्येकाच्या पुढे त्याने हाताला काय दिलं ते साध्या शब्दांत लिहा. ‘उजव्या हाताने मात्रेला चार स्वरांचं स्केल, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) ८० वर.’ ‘डाव्या हाताने मोडलेले कॉर्ड, न बघता.’ ‘तीन शार्पपर्यंत (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) वाचता येतं, चारला अडखळते.’ ‘पेडल बारच्या सुरुवातीला बदलता येतो, मधे नाही.’ अशा सात-आठ ओळी झाल्या की आपण नक्की कुठे उभे आहोत ते कळतं.

आता नियम. पुढच्या पीसमध्ये या यादीच्या बाहेरची एक गोष्ट असावी. फार तर दोन. बाकीचं सगळं हातात असलेलं हवं. ‘क्लेअर द लून’ घेतलं तेव्हा माझ्यासाठी नवीन काय काय होतं, ते नंतर मोजलं: पाच फ्लॅट, नऊ-आठचा ताल (बारला नऊ छोट्या मात्रा), बांधलेल्या स्वरांमुळे मात्रा हरवणं, मोठे कॉर्ड, वाहता डावा हात, अर्ध्या बारला बदलणारा पेडल. सहा नव्या गोष्टी एकदम. एकेक गोष्ट वेगळी घेतली असती तर त्यातली कुठलीच मला अशक्य नव्हती.

शून्य नवीन गोष्टी असलेला पीसही वर्षातून एक-दोनदा जरूर घ्यावा. तीन आठवड्यांत होतो, वाजवायला सुख मिळतं आणि वाचनाचा वेग वाढतो. फक्त त्याच्याकडून प्रगतीची अपेक्षा ठेवू नये.

तीच अडचण, लहान आकारात

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही. मन ज्या मोठ्या पीसवर बसलंय, त्याची मुख्य अडचण शोधायची आणि तीच अडचण असलेला छोटा पीस आधी घ्यायचा.

बीथोव्हनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाची (१८०१) पहिली मूव्हमेंट (म्हणजे भाग) घ्या. अनेकांना ती सोपी वाटते, कारण ती हळू आहे. एकोणसत्तर बार, चार शार्प. खरी अडचण उजव्या हाताच्या करंगळीत आहे. अंगठा आणि मधली बोटं तीन-तीन स्वरांची साथ अगदी हळू वाजवत राहतात आणि त्याच हाताच्या सगळ्यात दुबळ्या बोटाला वर सूर गायचा असतो. हे जमलं नाही तर एकोणसत्तर बार नुसती साथच ऐकू येते.

हीच गोष्ट ग्रीगच्या ‘आरिएत्ता’मध्ये आहे, त्याच्या ‘लिरिक पीसेस’मधल्या अगदी पहिल्या तुकड्यात. तेवीस बार. वर गाणं, खाली खर्ज, आणि मधली साथ दोन्ही हातांत वाटून दिलेली. शूमनच्या ‘किंडरत्सेनन’ (१८३८) या तेरा पीसच्या संग्रहातला पहिलाही तसाच, बावीस बारचा, मधे तीन-तीनची साथ एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते. तेवीस बारांत करंगळीला गायला शिकवणं पाच-सहा आठवड्यांचं काम आहे. तेच एकोणसत्तर बारांत, चार शार्पसकट शिकायला गेलात तर पहिला महिना स्वर वाचण्यातच जातो आणि करंगळीकडे बघायला फुरसत मिळत नाही.

माझ्या वाहत्या डाव्या हाताचा प्रश्न असाच सुटला. बाईंनी मला शोपाँचा ई मायनरमधला नॉक्टर्न दिला, ओपस ७२ मधला (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक), त्याच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये छापला गेलेला. त्यात डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या अंतराच्या तीन-तीनच्या लाटा घेतो, पण एकच शार्प आहे आणि लय शांत आहे. चार महिने लागले. त्यानंतर सत्ताविसावा बार उघडला तेव्हा हात आपोआप मनगटातून वळत होता. वहीत ‘क्लेअर द लून’ची दुसरी नोंद पहिलीनंतर सहा वर्षांनी आहे, आणि त्या ओळीत ‘कुठे अडलं’चा रकाना रिकामा आहे.

उमेदवार कुठून आणायचे

प्रसिद्ध पंधरा-वीस पीसच्या पलीकडे बघितलं की निवड एकदम सोपी होते. संगीतकारांनी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलेले संग्रह आहेत आणि त्यांत अस्सल संगीत आहे, नुसते व्यायाम नाहीत. शूमनने आपल्या मोठ्या मुलीच्या वाढदिवसानिमित्त सुरू केलेला ‘अल्बम फॉर द यंग’ (१८४८) त्रेचाळीस पीसचा आहे. पहिले अठरा लहानांसाठी, पुढचे जरा मोठ्यांसाठी. चायकॉव्हस्कीचा ‘चिल्ड्रन्स अल्बम’ (१८७८) चोवीस पीसचा. बुर्गम्युलरचे ओपस १०० मधले पंचवीस अभ्यास नावाला अभ्यास, पण प्रत्येकात एक छोटी गोष्ट आहे. बार्टोकचं ‘मिक्रोकॉसमॉस’ सहा भागांत १५३ तुकड्यांचं, अगदी पहिल्या दिवसापासून मैफलीपर्यंत चढत जाणारं. ज्यांना नेहमीच्या गोड सुरावटींचा कंटाळा आलाय त्यांनी ते जरूर उघडावं.

माझी सवय अशी की एखादा पीस आवडला की त्याच्या शेजारचे बघायचे. शोपाँच्या ओपस २८ मध्ये (१८३९) चोवीस प्रेल्यूड आहेत. त्यातले काही भल्याभल्यांना घाम फोडतात, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून चौथा बसलाय: ई मायनर, पंचवीस बार, उजव्या हाताला फारसं काम नाही, डाव्या हाताचे कॉर्ड एकेक स्वर खाली घसरत जातात. शोपाँच्या अंत्यविधीला हा प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला होता. दोन वर्षं शिकलेल्या माणसाला स्वर जमतात. जमवायचं असतं ते कॉर्डचं वजन: बदलणारा स्वर ऐकू यावा आणि न बदलणारे मागे राहावेत. अशी एकच नवी गोष्ट देणारा पीस मला आदर्श वाटतो.

उमेदवार चार-पाचच ठेवा. प्रत्येक पीस निदान तीन वेगवेगळ्या वादकांचा ऐका, आणि एकदा तरी नोटेशनवर बोट फिरवत ऐका. मग आठवडाभर काहीच करू नका. आठ दिवसांनी भांडी घासताना, चालताना कुठला सूर तोंडात येतो ते बघा. पीस घेतला की तीन-चार महिने तो रोज कानावर पडणार आहे, तोही चुकत-माकत, चार-चार बारच्या तुकड्यांत. ज्या पीसचं प्रेम फक्त पूर्ण वेगातल्या झगमगाटावर आहे, तो हळू वाजवताना ओळखूही येत नाही आणि मन उडतं. अर्ध्या लयीत गुणगुणून बघा. तरीही आवडतोय का?

वीस मिनिटांची परीक्षा

आता पियानोपाशी या. पहिलं पान उघडू नका.

पूर्ण नोटेशन डोळ्यांखालून घाला आणि सगळ्यात अवघड वाटणारे चार ते आठ बार शोधा. शाई जिथे सगळ्यात दाट आहे तिथे आधी बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. जिम्नोपेदीसारख्या पांढऱ्या पानांवरही गाडी अडते. डावा हात कुठे लांब उडी घेतो, दोन्ही हात कुठे वेगवेगळ्या हिशोबाने चालतात, चावी कुठे बदलते, तिथे खूण करा. रेकॉर्डिंगमध्ये वादकाचा आवाज कुठे वाढतो तेही बघा, बरेचदा अवघड जागा तिथेच असते.

मग घड्याळ लावा. पाच मिनिटं फक्त उजवा हात, पाच मिनिटं फक्त डावा, दहा मिनिटं दोन्ही. लय निम्म्याहून कमी ठेवा. बोटं छापलेल्या फिंगरिंगप्रमाणेच (कुठल्या स्वराला कुठलं बोट ते सांगणारे आकडे) टाका, मनाला येईल तशी नकोत. शेवटी स्वतःला एवढंच विचारायचं: हे बार मी हळू का होईना, लय न मोडता एकदा पार केले का? केले असतील तर पीस घ्या. दोन्ही हात वेगवेगळे जमले आणि एकत्र कोसळले, तरी घ्यायला हरकत नाही. ते सरावाने जुळतं. पण एकटा हातसुद्धा वीस मिनिटांनी उभा राहत नसेल, तर हा पीस आज तुमचा नाही. त्याची मुख्य अडचण वहीत लिहा आणि तीच अडचण असलेला छोटा पीस शोधा.

ही परीक्षा मी एका बारा वर्षांच्या मुलाबरोबर घेतली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. तो माझ्याकडे आठवड्यातून एकदा यायचा. ‘फ्यूर एलिझ’ची सुरुवात त्याने कुणाची तरी बोटं बघून उचलली होती आणि ती तो झोपेतही वाजवू शकला असता. ‘‘काकू, हे तर येतंच मला, आता पूर्ण शिकवा ना.’’ बीथोव्हनने हा तुकडा १८१० मध्ये लिहिला, छापला गेला १८६७ मध्ये, बीथोव्हन गेल्यानंतर चाळीस वर्षांनी. आणि बहुतेक लोकांना त्याची पहिली काही सेकंदंच माहीत असतात, कारण पुढे वाट बदलते. मी त्याला सुरुवात वाजवू दिली नाही. आधी एफ मेजरचा भाग उघडला, जिथे उजव्या हाताला मात्रेला चार-चार स्वर भराभर घ्यायचे असतात. त्याची बोटं एकमेकांवर चढली. चौथं आणि पाचवं बोट अजून एकटं चालत नव्हतं. मग शेवटाकडचा भाग, जिथे डावा हात खालचा ‘ए’ ठोकत राहतो आणि वर गंभीर कॉर्ड येतात. तो मात्र त्याला दहा मिनिटांत उमगला, आणि त्याला तो इतका आवडला की ‘‘हे पण यातच आहे?’’ म्हणून त्याने तो पुन्हा पुन्हा वाजवला.

म्हणजे तिथे दोनपैकी एक अडचण त्याला झेपणारी होती, एक नव्हती. मी त्याला बुर्गम्युलरचा ‘अराबेस्क’ दिला. त्यात पाच बोटांची भरभर धाव आधी उजव्या हातात येते, मग डाव्या, आणि प्रत्येक धाव जागेवरच्या जागेवर असते, धावेच्या मधे हात हलवावा लागत नाही. दोन महिन्यांनी परत एफ मेजरचा भाग उघडला. या वेळी बोटं सरळ गेली. पूर्ण ‘फ्यूर एलिझ’ त्याने सात आठवड्यांत बसवलं, आणि पहिली ओळ सगळ्यात शेवटी शिकला, कारण बोटं बघून उचलताना तिच्यात भरलेल्या जुन्या चुका काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हात, वाद्य आणि कागद

पंजा छोटा असेल तर ते आधीच बघावं लागतं. माझी वीत लहान आहे, सप्तक जेमतेम पुरतं. शोपाँचा सातवा प्रेल्यूड फक्त सोळा बारचा, ए मेजर, ऐकायला एखाद्या आठवणीसारखा हलका. पण बाराव्या बारमध्ये एक असा भरगच्च कॉर्ड आहे की लहान हाताला तो एका वेळी पकडता येत नाही. मी तो खालून वर उलगडून वाजवते, आणि तिथे ते शोभतं. असं प्रत्येक ठिकाणी शोभत नाही. पानामागून पान सप्तकांचे कॉर्ड असतील आणि हात ताणूनच ठेवावा लागत असेल, तर तो पीस कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवा. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर सराव तिथेच थांबवायचा. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

वाद्य कुठलं आहे यावरही निवड ठरते. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ‘मूनलाइट’चा पहिल्या बारमधला सी शार्प अगदी डाव्या टोकाला, दुसऱ्या पट्टीवर मिळतो. दुसऱ्या बारमधला त्याच्या खालचा बी त्या वाद्यावर नाहीच. पेत्सोल्ड, इन्व्हेन्शन, क्लेमेंटीच्या सोनाटिना मात्र अशा वाद्यावर सुखाने वाजतात. दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा होत नसेल तर शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड घेऊ नका, कारण त्यात शिकायचं आहे ते नेमकं तेच. पेडल नसेल तर दब्युसी थांबू दे.

नोटेशन घेताना सावध राहा. प्रसिद्ध पीसच्या सोप्या करून छापलेल्या आवृत्त्या भरपूर फिरतात, आणि बरेचदा वर तसं स्पष्ट लिहिलेलं नसतं. चावी बघा. ‘क्लेअर द लून’ला पाच फ्लॅट नसतील, ‘मूनलाइट’च्या पहिल्या मूव्हमेंटला चार शार्प नसतील, तर ते मूळ नाही. सोपी आवृत्ती वाजवण्यात काही गैर नाही, पण चुकून वाजवू नये. मूळ चावीत येताना बोटं पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागतात. बाखच्या जुन्या छापील प्रतींत लहान-मोठ्या आवाजाच्या खुणा भरमसाट दिसल्या तर त्या बहुधा संपादकाच्या आहेत, बाखने इन्व्हेन्शनमध्ये अशा खुणा जवळजवळ दिलेल्याच नाहीत. फिंगरिंग असलेली प्रत घ्या.

एकावेळी किती, आणि सोडायचा कधी

मी तीन पीस चालू ठेवते. एक लांबचा, तीन-चार महिन्यांचा, ज्यात ती एक नवी अडचण आहे. एक छोटा, जो महिन्याच्या आत संपतो. आणि एक जुना, हातातून निसटू नये म्हणून. लांबचा आणि छोटा शक्यतो एकाच स्वभावाचे नसावेत. शोपाँचा संथ नॉक्टर्न चालू असताना शेजारी दुसरा संथ पीस ठेवला तर बोटं आळसावतात. त्याच्या जोडीला मोझार्टच्या सी मेजर सोनाटाची (१७८८) पहिली मूव्हमेंट ठेवली की बरं पडतं. मोझार्टने स्वतःच्या यादीत ती नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवली आहे, पण पाचव्या बारपासून एकामागून एक येणारी स्केल सारखी, मोत्यांसारखी वाजवायला गेलं की कळतं, इथे पेडलमागे लपता येत नाही.

सोडण्याबद्दल एक ठाम मत आहे. पीस घेऊन सहा आठवडे झाले, रोज बसलात, आणि खूण केलेले अवघड बार दुसऱ्या आठवड्यात होते तिथेच असतील, तर पीस थांबवा. वहीत तारीख टाका, अडचण लिहा. तो सोडलेला पीस पुढच्या निवडीचा उत्तम वाटाड्या असतो, कारण आता शोधायचं काय ते नक्की माहीत असतं. पण सगळे बार थोडे-थोडे सुधारतायत आणि तरीही कंटाळा आलाय, तर सोडू नका. तो चौथ्या-पाचव्या आठवड्यातला नेहमीचा कंटाळा आहे, नवेपण गेलेलं असतं आणि पीस अजून बसलेला नसतो. दहा दिवस छोट्या पीसला जास्त वेळ द्या, मग परत या.

शिक्षक असतील तर त्यांच्याकडे एकच पीस घेऊन जाऊ नका, दोन-तीन न्या. ‘‘हा घेऊ का?’’ विचारलं की हो किंवा नाही मिळतं. ‘‘या तिघांत आधी कुठला?’’ विचारलं की तिघांचीही अवघड जागा ते वाजवून दाखवतात. माझ्या बाईंकडून मी जे शिकले त्यातलं बरंचसं अशा अर्ध्या तासांत.

सध्या माझ्या स्टँडवर लांबच्या पीसची जागा रिकामी आहे. उमेदवार तीन होते, दोन राहिले, आणि मन एकावरच आहे. ग्रीगने १८६७ मध्ये ‘आरिएत्ता’ने सुरू केलेली ‘लिरिक पीसेस’ची मालिका दहा पुस्तकांची, सहासष्ट तुकड्यांची झाली. १९०१ मध्ये सगळ्यात शेवटचा तुकडा लिहिताना त्याने तोच ‘आरिएत्ता’चा सूर परत घेतला आणि त्याचा वॉल्ट्झ केला. करंगळीने गायला मी ज्या तेवीस बारांत शिकले, तोच सूर चौतीस वर्षांनी मोठा होऊन आलेला. आठ दिवस तो माझ्या तोंडात आहे. काल रात्री नोटेशन चाळून दोन जागी पेन्सिलीने गोल केले, उद्या सकाळी घड्याळ लावून तिथूनच सुरू करणार आहे.